पेटीतल्या पाखरांचं बारसं

रविवार, १ फेब्रुवारी १९५९. पहाटे पवनेवर धुकं. आठनंतर कोवळं ऊन, वारा अजिबात नाही.

किस्से साचतात कसे, याचं मला नेहमी नवल वाटतं. घडताना कुणी म्हणत नाही की हा किस्सा आहे. घडताना ती कटकट असते, वाद असतो, कधी आठवडाभराचा अबोलाही असतो. काही महिने गेले की तीच गोष्ट कुणीतरी चहाच्या कपाबरोबर पुढे सरकवतो आणि बाकीचे म्हणतात, "टिपणीस, हे लिहून ठेवा!"

टिपणीस म्हणजे मी. हे माझं आडनाव नव्हे. रोजची हवा आणि दिसलेली पाखरं टिपून ठेवायची मला सवय आहे, म्हणून मंडळींनी ते ठेवलं. आता कारखान्याच्या स्टोअरमध्येसुद्धा खऱ्या आडनावाने मला कुणी हाक मारत नाही.

मंडळी म्हणजे आमचं रविवारचं पाखरू मंडळ. पिंपरीच्या औषध कारखान्याच्या वसाहतीत एक वाचनालय आहे, तिथे आम्ही जमतो. मास्तर आमचे प्रमुख. ते चिंचवडच्या शाळेत संस्कृत शिकवतात आणि वाचनालयही तेच चालवतात. त्यांची मुलगी रमा कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावण्याच्या खात्यात आहे. ज्ञानोबा मोशीचा. घरची शेती सांभाळून आमच्याकडे बॉयलरवर शिफ्ट करतो. मनोहर फिटर आहे, नोकरीसाठी आईला घेऊन रत्नागिरीकडून आलेला.

गेल्या वर्षभरातले आमचे किस्से बहुतेक सगळे नावांचे आहेत. कोणत्या पाखराला काय म्हणायचं आणि ते कुणी ठरवायचं, यावरून आम्ही भांडलो आणि पुष्कळ हसलो. पण एक नाव थट्टेचं नव्हतं. रमा आणि मनोहरचं लग्न ठरलं होतं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. त्यात मनोहरच्या आईचं नावही रमाच! त्यामुळे सुनेचं नाव बदलणार हे दोन्ही घरांनी धरूनच चाललं होतं. रमेला मात्र आपलं नाव सोडायचं नव्हतं. ती आरडाओरडा करणारी मुलगी नाही. तिने एकदाच सांगितलं आणि मग ती वाट बघत राहिली.

*

पेटी मनोहरने आणली. पुण्याच्या जुन्या बाजारात कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातलं सामान विकायला आलं होतं. त्यात ही काचेची पेटी. आत एक सुकलेली फांदी, आणि तिच्यावर पेंढा भरून बसवलेली बोटाएवढी पाखरं. हिरवी, तांबूस, निळी. पेटी जरा तिरकी केली की प्रत्येकाचा रंग बदलायचा.

विकणारा म्हणाला, "मोराची पिल्लं आहेत."

मनोहरने पुस्तकात चित्रं पाहिली होती. त्याने ओळखलं, हे हमिंगबर्ड. आपल्या देशात हा पक्षी नाहीच. तो अमेरिकेकडे राहतो, फुलासमोर हवेत एका जागी थांबून मध पितो, आणि त्याच्या पंखांचा गुणगुण आवाज येतो.

परत येताना बसमध्ये कंडक्टरने अडवलं.

"पाखरं चालणार नाहीत."

"मेलेली आहेत हो."

"कधी मेली?"

मनोहर खरं बोलणारा माणूस. त्याने थोडा विचार केला. "शंभरेक वर्षं झाली असतील."

कंडक्टरने काचेला नाक लावून पाहिलं. "मग बसा. कालपरवाची असती तर उतरवलं असतं!"

पेटी वाचनालयाच्या टेबलावर ठेवली तेव्हा लक्षात आलं, की पूर्वी प्रत्येक पाखराखाली एकेक चिठ्ठी चिकटवलेली होती. डिंक कसरीने खाल्ला होता. चिठ्ठ्या सगळ्या तळाला पडलेल्या, काही अर्ध्या खाल्लेल्या. वर पाखरं, खाली नावं, आणि कुणाचं कोणतं हे सांगायला कुणी नाही.

मास्तर म्हणाले, "आपण लावून काढू. आणि दिवाळीच्या हस्तलिखित अंकात मराठीतून लेख देऊ."

*

लेख मराठीत म्हटल्यावर पहिला पेच शब्दांचा आला. मास्तरांनी फळा घेतला आणि समजावलं. सगळे हमिंगबर्ड मिळून एक कुळ. कुळात जवळच्या नात्यातल्यांचे गट, त्या गटाला म्हणायचं प्रजाती. गटातला प्रत्येक वेगळा पक्षी म्हणजे जाती. शास्त्रातलं नाव दोन शब्दांचं असतं, पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. त्यामुळे प्रजाती चुकली की नावच चुकलं.

ज्ञानोबा शेवटपर्यंत शांत बसून ऐकत होता. मग म्हणाला, "मास्तर, कुळ झालं, जात झाली. गोत्र कवा इचारायचं?"

"अरे, हे शास्त्र आहे!"

"आमच्यातबी त्याला शास्त्रच म्हनत्यात की!"

मास्तर चिडले. पण पुढच्या रविवारी स्वतःच म्हणाले, की प्रजातीला 'गोत्र' म्हटलं तर लोकांना लवकर कळेल. नातं जवळचं आहे, एवढंच तर सांगायचं आहे.

रमा खिडकीशी बसून मऊ ब्रशने चिठ्ठ्या झाडत होती. वर न बघता वडिलांना म्हणाली, "नको नाना. गोत्र लग्नात बदलतं. मुलींचं तरी."

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला. फळ्यावर प्रजाती हाच शब्द राहिला.

*

मग पाखरं लावायला घेतली. काही सोपी होती. एकाची चोच त्याच्या अंगापेक्षा लांब, त्याला आम्ही तलवारचोच म्हटलं. एकाच्या शेपटीला दोन लांब पिसं, टोकाला चमच्यासारखी पसरलेली. अडलं ते तिघांपाशी. दोघांचा गळा पाचूसारखा झळझळीत. तिसरं राखाडी, कुणाच्या नजरेत न भरणारं.

रंग पुढे ठेवून मास्तरांनी निकाल दिला. झळझळीत दोघे एका प्रजातीत, राखाडी दुसऱ्या. मला चोची सारख्या वाटत होत्या, पण मास्तरांपुढे कोण बोलणार! मराठी चिठ्ठ्या लिहून झाल्या.

मास्तरांचा जुना विद्यार्थी गोपाळ आता पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. त्याला पत्र टाकलं, तो आला. त्याने भिंग लावलं, चोची पाहिल्या, शेपट्या पाहिल्या आणि तोंडावर रुमाल धरला. आम्हाला वाटलं शिंक आली. तो हसत होता.

"मास्तर, हा झळझळीत आणि ही राखाडी, हे नवरा-बायको आहेत! मादी अशीच फिकी असते. तुम्ही एका घरातल्या माणसांना दोन प्रजातींत टाकलंत!"

मास्तरांचा चेहरा पडला. तेव्हा गोपाळ समजुतीने म्हणाला, "तुम्हीच नाही. मागच्या शतकात मोठमोठ्या पंडितांनी हेच केलं. बोटी भरभरून कातडी यायची, पाखरू जिवंतपणी कसं राहतं ते कुणी पाहिलेलं नसायचं. नराला एक नाव, मादीला दुसरं."

"मंग तिला तिचं न्यारं नाव व्हतं म्हना की," ज्ञानोबा म्हणाला.

"होतं. चूक कळल्यावर गेलं."

"नेहमी तिचंच जातं?" रमाने विचारलं.

"नाही. ज्याचं नाव मागाहून दिलेलं असेल, त्याचं जातं. नराचंही गेलं आहे."

रमाने मनोहरकडे पाहिलं. मनोहर घाईघाईने पेटीची काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती!

*

ज्ञानोबाचं एक होतं. पहिल्या दिवसापासून तो पेटीतल्या प्रत्येक पाखराला शिंजीर म्हणायचा. आपला शिंजीर तसाच चिमुकला, तसाच चमकदार, आणि तोही फुलांतला मध पितो. गोपाळने त्याला सांगितलं, की दोघांचं दूरचंही नातं नाही. धंदा एक, म्हणून हत्यारं सारखी. एक लोहार मोशीचा आणि एक लोहार मद्रासचा, तसं.

"न्हाई पटत," ज्ञानोबा म्हणाला. "ह्यो शिंजीर. ह्योबी शिंजीर. त्यो कोपऱ्यातला तर शिंजीरच हाय."

गोपाळने कोपऱ्यातलं पाखरू अलगद बाहेर काढलं. भिंग लावलं. पाय पाहिले, चोचीचा बाक पाहिला. मग भिंग पुसून पुन्हा पाहिलं.

"हा शिंजीरच आहे!"

मूळचं पाखरू कधीतरी गळून पडलं असावं. पेटी रिकामी दिसू नये म्हणून कुणीतरी इथलाच एक मारून, पेंढा भरून तिथे बसवलेला. ज्ञानोबा उभाच राहिला. "म्या म्हनलं व्हतं!"

"तू सगळ्यांनाच म्हणाला होतास!" मास्तर ओरडले.

"मंग? एक तर निघाला ना!"

त्याला पेटीतून काढायचं ठरलं तेव्हा मात्र ज्ञानोबा आडवा आला. "इतकी वर्सं त्यांच्यात बसलाय, मास्तर. आता त्याला कुठं धाडता?" शिंजीर परत कोपऱ्यात गेला. खालच्या चिठ्ठीवर रमाने लिहिलं, 'शिंजीर. पाहुणा.'

*

गोपाळने एका रविवारी आम्हाला नियम समजावले. सुरुवातीला युरोपातल्या एका पंडिताने झाडून सगळे हमिंगबर्ड एकाच प्रजातीत कोंबले. पुढे नवे नवे पक्षी येत गेले, तशी त्या एका प्रजातीची फोड होत होत शंभरावर प्रजाती झाल्या. जो तो नाव देणारा. एकाच पाखराला लंडनमध्ये एक नाव, पॅरिसमध्ये दुसरं. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं, की पहिलं नाव तेच खरं.

"पहिलं चुकीचं असलं तर?" मी विचारलं.

"तरी तेच. न्यू गिनीकडचा एक पक्षी आहे. त्याची कातडी युरोपात आली ती पाय कापून. पंडितांनी नाव दिलं 'बिनपायाचा'. पुढे कळलं, पाय चांगले ठणठणीत आहेत. नाव अजून तेच!"

रमाने ब्रश बाजूला ठेवला. "म्हणजे पहिलं नाव कुणाला पुसता येत नाही?"

"नाही."

"नंतर एखाद्या मोठ्या माणसाने दुसरं दिलं तरी? जास्त शोभेल असं?"

"राजाने दिलं तरी नाही."

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. घरी जाताना मी त्या दोघांबरोबर चाललो होतो. आंब्याचं झाड आलं. मग मास्तर म्हणाले, "रमे, तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. पण पाखरांचं वेगळं."

"कसं वेगळं, नाना?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला.

"पाखरांना सासर नसतं."

*

हमिंगबर्डला मराठीत काय म्हणायचं, हे मात्र आमच्यातल्या कुणीच ठरवलं नाही. ते मनोहरच्या आईने, रमाकाकूंनी ठरवलं. मास्तरांच्या मनात 'गुंजनपक्षी' होतं.

पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी रमाकाकू वाचनालयाच्या दारात धापा टाकत आल्या. "चला रे चला! तुमचा तो गुणगुण्या आमच्या गुलबाक्षीवर आलाय!"

आम्ही धावलो. मास्तर सगळ्यांच्या पुढे, त्यांचं उपरणं कुंपणाला अडकून राहिलं तरी थांबले नाहीत. आणि खरोखर, गुलबाक्षीसमोर काहीतरी हवेत एका जागी थांबलं होतं. पंख दिसत नव्हते, नुसती थरथर. फुलात लांब चोच. गुणगुण स्पष्ट ऐकू येत होती. मास्तरांनी माझा दंड धरला. "टिपणीस," ते कुजबुजले, "वेळ लिहा. हे पिंपरीत? हिंदुस्थानात?"

तेवढ्यात ज्ञानोबाने डोक्यावरची टोपी काढली आणि अलगद झाकली. टोपीखालून निघाला तो पतंग! सहा पाय, मिशा, आणि चोच म्हणजे घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली सोंड.

मास्तर जाऊन उपरणं सोडवून घेऊन आले. काकूंना मात्र काहीच वाटलं नाही.

"पतंग तर पतंग. गुणगुणतोय ना? तुमच्या पेटीतला एक तरी गुणगुणतो काय?"

त्या दिवसापासून ज्याच्या त्याच्या तोंडी 'गुणगुण्या'. गुंजनपक्षी कुणी म्हटलंच नाही. आठवड्याभराने मास्तरांनी स्वतःच्या हाताने लेखात खोडून 'गुणगुण्या' केलं.

*

राहिलं ते त्या नवरा-बायकोच्या प्रजातीचं नाव. चिठ्ठी सापडली होती, पण लॅटिन नाव मराठी वाचकापुढे कसं ठेवायचं? मास्तर पंधरा दिवस विचार करत होते. मग एका रविवारी उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "हरितकंठ!"

नाव छानच होतं. पण मला काहीतरी आठवलं. मी कपाटातून मागच्या वर्षीचा दिवाळी अंक काढला. त्यात मास्तरांनी वेड्या राघूला हेच नाव दिलेलं होतं. हरितकंठ!

गोपाळ त्या दिवशी आलेलाच होता. "गेलं," तो म्हणाला. "एक नाव दोघांना चालत नाही. माशीला दिलेलं नाव पाखराला चालत नाही, इतकं कडक आहे. आधीच्याचं राहतं, मागाहून आलेल्याला बदलावं लागतं."

"अरे, पण तो अंक वाचतो कोण!" मास्तर म्हणाले.

सगळे हसले. रमा हसली नाही. तिच्या बाजूने असलेला नियम आम्ही दोन महिने घोकत होतो, आणि हा दुसरा नियम तर सरळ तिच्या अंगावर आला होता. घरात एक रमा आधीच होती. ही मागाहून येणार होती.

शेवटी मास्तरांनी तोडगा काढला. शास्त्रातही काढतात तसाच. जुन्या नावाला पुढे एक शब्द जोडायचा. हरितकंठचं 'लघुहरितकंठ' झालं. आणि मग, फार जपून, जणू पाखरांबद्दलच बोलताहेत अशा आवाजात ते म्हणाले, "मनोहरची बायको मनोरमा. किती शोभतं! रमा त्यात आहेच की."

"शेपटीला आहे, नाना," रमा म्हणाली. "मी अख्खी रमा आहे."

*

मनोरमा हे नाव दोन्ही घरी पसंत पडलं. मनोहर काही हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. लग्न महिन्यावर आलं तेव्हा कॅन्टीनमध्ये माझ्याजवळ येऊन बसला. चहा गार झाला तरी प्यायला नाही.

"टिपणीस, तांदळात काय लिहू?"

लग्नानंतर लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात, आणि नवरा बायकोचं नवीन नाव त्यात लिहितो. एकदा लिहिलं की झालं. पुढे तेच चालतं.

"आईशी बोललास?" मी विचारलं.

"बोललो. म्हणाली, घरात दोन रमा कशा चालतील? सुनेला मी माझ्याच नावाने हाका मारू? आणि म्हणाली, माझं बदललं तेव्हा मला कुणी विचारलं होतं? मेले का मी?"

"आणि रमा?"

"ती काही म्हणत नाही. तेच कठीण आहे."

समोर बसून भाकरी खाणाऱ्या ज्ञानोबाने सगळं ऐकलं होतं. "बायकूचं लिवलं तर आय रुसंल. आयचं ऐकलं तर बायकू. भावा, तू आपलं शिंजीर लिही अन् मोकळा हो!"

मनोहर हसला खरा. पण उठताना त्याने बशी कपावर ठेवली, कप बशीत ठेवायचा तो.

*

सगळ्या चिठ्ठ्या लागल्या, एक सोडून. ती जाड लागत होती. रमाने ती उजेडासमोर धरली आणि म्हणाली, "हिच्याखाली दुसरी आहे." कुणीतरी जुनं नाव तसंच ठेवून वर नवीन नावाची चिठ्ठी डकवली होती.

लेबल चुकलं तर कारखान्यात वाफेवर धरून सोडवतात. तिने वाचनालयातल्या स्टोव्हवर किटली ठेवली. त्या दिवशी रमाकाकू डब्यातून तांदळाच्या पिठाची तळलेली गोड बोरं घेऊन आल्या होत्या. होणारी सासू आणि होणारी सून, पण दोघी नावाबद्दल एकमेकींशी चकार शब्द बोलत नसत. काकू बाजूच्या खुर्चीवर बसून बघत राहिल्या.

वाफ लागली तशी वरची चिठ्ठी हळूहळू सुटली. खाली तपकिरी शाईतली अक्षरं होती.

"पुसट नाही झालं गो?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू. झाकलेलं होतं ना, म्हणून उलट चांगलं राहिलं. बघा."

काकूंना इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत. तरी त्या वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"वरची डकवणाऱ्याला खाली काय आहे ते दिसत असणार."

"दिसत असणारच."

"तरी डकवली."

रमाने दोन्ही चिठ्ठ्या टीपकागदावर शेजारी शेजारी वाळत घातल्या. काकू उठल्या आणि घरी गेल्या. त्यांचा डबा टेबलावरच राहिला. बोरं मंडळींनी खाल्ली!

*

लग्न मार्गशीर्षात झालं, चिंचवडला. संध्याकाळी नवरानवरी वसाहतीत आली. मनोहरच्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती. ज्ञानोबा आणि मी भिंतीला चिकटून उभे होतो. मास्तर व्याह्यांच्या घरी संकोचून दाराशीच थांबले होते.

रमाने उंबरठ्यावरचं माप ओलांडलं. पूजा झाली. ताटात तांदूळ पसरले. मनोहरची आत्या राजापूरहून आली होती, पेढ्यांचं तबक घेऊन तीच तयारीत उभी.

"नाव ठरलं आहे ना?" गुरुजींनी विचारलं.

"ठरलंय तर," आत्या म्हणाली. "मनोरमा. लिही रे."

मनोहरने बोटातली अंगठी काढून हातात घेतली. ती तांदळावर धरली आणि तशीच धरून बसला. रमा खाली मान घालून ताटाकडे बघत होती.

"लिही की लेका," ज्ञानोबा माझ्या कानाशी पुटपुटला.

मनोहरने लिहिलं. पहिलं अक्षर 'म' यायला हवं होतं. 'र' आलं. मग 'मा'. मग त्याने अंगठी उचलली.

आत्या वाकली. "रमा? अरे, पुढचं कुठाय?"

"एवढंच आहे, आत्या."

"अरे, हे तर तुझ्या आईचं नाव! लोक काय म्हणतील? वैनी, अहो वैनी, बघा हा काय करतोय! सांगा त्याला काहीतरी!"

रमाकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. माणसांनी वाट करून दिली. मनोहरने हात मागे घेतला. आई आता ते पुसून टाकणार, असं त्याला वाटलं असणार. आम्हा सगळ्यांनाच वाटलं. मास्तर दाराशी एक पाऊल पुढे आले आणि थांबले.

काकू पाटाशी बसल्या. ताटातल्या तांदळाची खालची बाजू त्यांनी तळहाताने सारखी केली. वरच्या अक्षरांना हात लावला नाही. मनोहरने अंगठी पुढे केली ती घेतली नाही. बोटानेच लिहायला लागल्या, सावकाश, एकेक अक्षर दोनदा गिरवून.

आत्याने वाचलं. "ठकू? ही कोण ठकू?"

"मी," काकू म्हणाल्या. "पेढे वाट."

ताटात दोन नावं होती. वर रमा, खाली ठकू.